खाली नाव बशीर पेंटर

६ नोव्हेंबर २०२४

ही डायरी खताच्या दुकानदाराने मागच्या वर्षी फुकट दिली होती. तारखा खोडून लिहितोय. तीन वर्षांत लिहावं असं काही घडलंच नाही. फ्लेक्स आला आणि पेंटरच्या ब्रशला कुत्रंही विचारेना. नंदुरबारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एकेकाळी माझ्या हातच्या. आता मी घरात बसून चहाला नावं ठेवतो आणि साबिरा मला.

पण आज लिहायला काही आहे. आमची रिम्शा कॉम्प्युटर शिकली. ज्या क्लासमध्ये शिकवायची तो उन्हाळ्यात बंद पडला. तेव्हापासून पोरगी घरात लॅपटॉपसमोर असते. मला वाटायचं सिनेमे बघते. तिने वेबसाइट काढलीय! नाव ‘मिरची बोर्ड’. मार्केटात ओल्या लाल मिरचीला आज काय भाव मिळाला, ते त्यावर. भाव कोण आणतो? मी. दसऱ्यापासून रोज सकाळी मला फिरायला पाठवते आणि येताना भाव विचारून या म्हणते. मला वाटायचं तिला माझ्या गुडघ्यांची काळजी आहे.

आज म्हणाली, “अब्बा, यावर जाहिराती लावल्यात. बॅनर. आपण फक्त जागा द्यायची.”

म्हटलं, “म्हणजे भिंत?”

“हो. भिंतच समजा.”

घरी आम्ही हिंदी बोलतो, गिऱ्हाइकांशी अहिराणी, पण लिहितो मराठीत, कारण माझा ब्रश मराठीत शिकला. त्यामुळे तिने सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतो. कंपनी पैसे देते मधल्या दलालाला. हा दलाल म्हणजे माणूस नाही, मोठी कंपनीच. तो ठरवतो कोणती जाहिरात कुणाच्या पानावर. लोकांनी जाहिरात नुसती पाहिली तर आपल्याला पैशांत मिळतं, तिच्यावर बोट लावलं तर रुपयांत. ना शिडी, ना ऊन, ना रंगाचा डबा. तीस वर्षं मी उगाच उन्हात मेलो.

९ नोव्हेंबर

रिम्शाशी भांडण. वेबसाइटवर नाव कुणाचं? कुणाचंच नाही! म्हटलं, बाई, माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं, भिंत रंगवली की जाहिरातीच्या खाली उजव्या हाताला वीतभर जागेत आपलं नाव टाकायचं. बेनामी काम चोर करतो. गावात लोक कंपनीला ओळखत नाहीत, पेंटरला ओळखतात.

ती म्हणाली, पानाच्या तळाशी टाकते. म्हटलं, तळाशी नाही. बॅनरच्या खाली, उजवीकडे. तिने कपाळाला हात लावला आणि टाकलं. ‘बशीर पेंटर, नंदुरबार’. अक्षर छापील आहे, त्यात जीव नाही, पण नाव आहे. मी तीनदा मोबाईल लांब धरून पाहिलं. डोळे भरून आले हे साबिराला सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर

त्या दलाल कंपनीचं पत्र आलं. परदेशातून, पोस्टाने, आमच्या पत्त्यावर! आत एक आकडा. तो कॉम्प्युटरमध्ये भरला की त्यांना कळतं घर खरं आहे. पोस्टमनला चहा पाजला. आमच्या गल्लीत आजवर परदेशातून फक्त दुबईचे खजूर आलेत.

मला हे आवडलं. कंपनी एवढी चौकशी करते म्हणजे सगळं चोख असणार.

२ डिसेंबर

आज खूप हसलो. जेवताना रिम्शाचं पान साबिराच्या मोबाईलवर उघडलं, बॅनरवर कुकर. माझ्या मोबाईलवर तेच पान, तर गुडघ्याचं तेल. रिम्शाच्या मोबाईलवर परीक्षेचे क्लास. एकच भिंत आणि तिघांना तीन जाहिराती! रिम्शा म्हणाली, माणूस मोबाईलवर जे शोधतो त्यावरून दलाल ओळखतो. साबिराने तेव्हापासून मोबाईलवर टॉवेल टाकून ठेवलाय.

मी विचारलं, “मग आपल्याला कळतं का, कुणाला काय दिसलं?”

“नाही कळत, अब्बा. काही प्रकारच्या जाहिराती बंद करता येतात. पण त्यांचाच दर चांगला असतो.”

म्हटलं, मग कशाला बंद करतेस, लक्ष्मी दारात आली आणि आपण कडी लावायची? मार्केटात सांगितलं तर एक व्यापारी म्हणाला, बशीरभाई, आता तुम्ही शेठ. मी नाही नाही म्हटलं, पण ऐकायला बरं वाटलं.

११ डिसेंबर

सकाळी मार्केटात असताना हिलालचा फोन. रनाळ्याचा हिलाल. माझी पहिली भिंत त्याच्या घराची, रस्त्याला लागून. तीस वर्षांपूर्वी तिच्यावर मी पाण्याच्या मोटरची जाहिरात लिहिली, ‘भरवशाचा पंप’. कंपनी बुडून जमाना झाला, जाहिरात तशीच आहे, कारण हिलाल तिला हात लावू देत नाही. त्याच्या घरच्या प्रत्येक लग्नात दारावरचा गणपती आणि नवरा-नवरीची नावं मीच काढतो. दगूबाई, त्याची बायको, गणपतीच्या आधी माझ्या हातात गूळ-पाणी देते. शेत चांगलं पिकतं, माणूस तापट आणि स्तुतीला कंजूष.

लिलावाची ओरड चालू होती. एका कानात बोट घालून बोललो.

“बशीरभाऊ, तुन्ही पाटी देखी मी मोबाईलवर.”

“देखी ना? कशी वाटनी?”

“झकास शे. पन पक्की शे ना?”

“खाले नाव कोनं शे?”

“तुन्हं.”

“मंग! बशीर पेंटरनं नाव शे तठे कच्चं काम ऱ्हास का कधी?”

“बस. माले इतलंच इचारनं व्हतं,” म्हणाला आणि ठेवला फोन.

तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ‘झकास’ निघालं. घरी येऊन साबिराला सांगितलं. ती म्हणाली, “पक्की आहे का, असं कशाला विचारलं त्याने?” हिला चांगल्या बातमीतही खडा शोधायची सवय आहे.

२३ डिसेंबर

काही नाही. गुडघा.

६ जानेवारी २०२५

हिलालचा वानोळा आला नाही. दर वर्षी पहिल्या तोडणीची मिरची, चार पपया, कधी हुरडा, पिशवी भरून पाठवतो. मागच्या वर्षी स्वतः आजारी होता तरी पोराच्या, भूपेशच्या हाती पाठवला. साबिराने मसाल्याची तयारी करून ठेवली होती. ती म्हणाली, विसरला असेल. तीस वर्षांत विसरला नाही तो आता विसरेल?

१९ जानेवारी

आज मार्केटात हिलाल समोर. गाडी रिकामी करून उभा होता. मी हात केला. त्याने पाहिलं. शपथेवर सांगतो, पाहिलं. आणि तोंड फिरवून मिरचीच्या ढिगाकडे असा बघत राहिला जणू मिरची आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. लोकांसमोर. माझा हात तसाच वर.

कळलं मला. जळतो. बशीरची वेबसाइट चालली, बशीरला परदेशातून पत्र येतं, हे सहन होत नाही. गरीब होतो तोवर दोस्ती. असला दोस्त काय चाटायचाय! घरी येऊन खूप बोललो. रिम्शाने फोन उलटा करून ठेवला आणि म्हणाली, “अब्बा, सध्या रनाळ्याकडे जाऊ नका तुम्ही. राहू द्या.” पोरगी बापाच्या बाजूने आहे, एवढं तरी बरं.

८ फेब्रुवारी

घरी आल्या आल्या लिहितोय. अक्षर वाईट आलं तर येऊ दे.

दोंडाईचाला मेहुण्याकडे निघालो होतो. एसटी रनाळ्याला थांबली. सवयीने खिडकीतून हिलालच्या घराकडे पाहिलं. दारात मांडव. भूपेशचं लग्न! आणि दारावर, जिथे माझा गणपती असतो, तिथे हे एवढं फ्लेक्स, त्यावर नवरा-नवरीचे फोटो आणि सगळ्या मामांचे. मला पत्रिका नाही, निरोप नाही. मी ज्या पोराचं नाव बारशाला पाटीवर लिहिलं त्याच्या लग्नाला फ्लेक्स!

उतरलो. मेहुणा गेला खड्ड्यात. भांडायचंच ठरवून चालत गेलो, आणि रस्त्याकडच्या भिंतीजवळ पाय अडकले. ‘भरवशाचा पंप’ जागच्या जागी. पंपाची निळी मोटर, पाण्याची धार, सगळं. फक्त खाली उजव्या हाताला वीतभर चुना. ताजा. माझं नाव पुसलेलं. बुडालेल्या कंपनीला ठेवलं आणि मला पुसलं.

हिलाल ओट्यावर होता. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. जळतोस म्हणालो, एवढं आठवतं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी तुले इचारं व्हतं. पक्की शे का म्हनीसन. तू काय सांगं?”

“काय पक्की?”

“मिरची सुकाडानी मशीन. तुन्ही पाटीवर व्हती. खाले तुन्हं नाव.”

मिरची वाळवायचं मशीन. अर्धी किंमत आगाऊ भरा, उरलेली सरकार भरेल, अशी जाहिरात. उघड्या मैदानातल्या पथारीवर मिरची पसरायला नको, पाऊस-धुळीची भीती नको. मी म्हणालो, “हिलाल, अल्लाकसम, मी ती मशीन देखीच नही.”

तेव्हा तो उभा राहिला. “देखी नही? तुन्ही पाटी, आनि तू म्हनस देखी नही?”

मी समजावू लागलो. प्रत्येकाला वेगळी जाहिरात दिसते, साबिराला कुकर दिसतो, मला तेल. मी बोलत होतो आणि मलाच माझं बोलणं खोटं वाटत होतं.

हिलाल म्हणाला, “मन्ही भितवर तू पंप लिखा. जो माले दिसस तोच गावले दिसस. तुन्ही भित कशी शे रे, जी तुलेच दिसत नही?”

मी विचारलं, मशीनचं काय झालं.

मशीन आलं नाही. पैसे गेले, फोन बंद. पण ते सांगताना त्याचा आवाज चढला नाही. चढला तो पुढे. “पाच जनेस्ले मीच सांगं. बशीरनं नाव शे, डोया मिचीन पैसा भरा. त्यासना पैसा मी घरमाईन दिधा. माले पैसानं दुख नही. पन त्या माले काय म्हनतीन, बशीर? आनि मी तुले काय म्हनू?”

मी म्हणालो, वेबसाइटचे जे मिळतील ते सगळे तुझे. तो म्हणाला, “नको माले त्या पैसा,” आणि आत गेला. दगूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. नुसतं पाणी. गूळ नव्हता. मी प्यायलो आणि निघालो.

९ फेब्रुवारी

सकाळपासून मनात एकच, मशीन पक्कं आहे असं मी म्हणालोच नाही. तो वेबसाइटबद्दल बोलत होता, मीही वेबसाइटबद्दल. त्याने मशीनचा म सुद्धा काढला नाही. चूक त्याचीच. मग ही डायरी उघडली.

११ डिसेंबर. माझ्याच हाताने लिहिलेलं. ‘बशीर पेंटरनं नाव शे तठे कच्चं काम ऱ्हास का कधी?’

त्याने विचारलं होतं. हिलालसारखा माणूस पैसे भरायच्या आधी मला विचारतो, मी हो म्हणतो, आणि वर स्तुती झाली म्हणून फुगून घरी येतो. साबिराने एका वाक्यात ओळखलं होतं. नाव बॅनरखालीच टाक, असा हट्टही माझाच. तळाशी टाकलं असतं तर कदाचित त्याने एवढा भरवसा ठेवला नसता.

लाज वाटते. लिहूनही कमी होत नाही.

१० फेब्रुवारी

रिम्शाला सगळं सांगितलं. मला वाटलं चकित होईल. ती झाली नाही. नखं कुरतडत बसली.

म्हटलं, “तुला माहीत होतं?”

भूपेशने वेबसाइटवर तिला निरोप पाठवला होता. डिसेंबरच्या शेवटी. ‘ताई, त्या मशीनवाल्यांचा पत्ता द्या, फोन लागत नाही, बशीरकाकांना विचारा.’ तिने तो पुसून टाकला.

“मी काय उत्तर देणार होते, अब्बा? मला तरी कुठे माहीत ते कोण? सगळ्यांच्या साइटवर असंच असतं. कुणी विचारत नाही.”

“आणि मी त्याला इथे घरात शिव्या घालत होतो, तेव्हा?”

“तुम्ही इतके खूश होता. किती वर्षांनी.”

हे तिने खरं सांगितलं, आणि तेच जास्त लागलं. तीन आठवडे मी स्वतःच्या घरात बसून दोस्ताला जळका म्हणत होतो आणि माझी पोरगी ऐकत होती. बाहेरच्याने फसवलं तर माणूस ओरडतो तरी. घरचं माणूस फसवतं तेव्हा कुणाकडे बघून ओरडायचं? साबिरा भाजी निवडत होती, तिने मेथीची जुडी तशीच खाली ठेवली आणि आत गेली.

मी म्हटलं, सगळे बॅनर काढ. ती म्हणाली, बघते.

१४ फेब्रुवारी

रिम्शा सकाळी जवळ येऊन बसली. गोड आवाज. “अब्बा, झालं. बघा.”

पान उघडलं. वर भाव, मध्ये बॅनर. गुडघ्याचं तेल. खाली उजवीकडे पांढरी जागा.

“तुमचं नाव काढलं,” म्हणाली. “आता तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. तसल्या मशीनच्या, कर्जाच्या जाहिराती बंद केल्यात. सगळ्या होतील असं नाही, पण बऱ्याच. बाकी राहू द्या ना, अब्बा. एवढी मेहनत केलीय मी.”

तीही काही चोर नाही. बाहेर नोकरी नाही, घरात बापाची किरकिर. तिनेही एक भिंत उभी केली होती. पण मी त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिलो. हिलालने चुना लावला तो रागाने. माझ्या पोरीने लावला तो माझ्या भल्यासाठी. जाहिरात दोन्हीकडे शाबूत.

म्हटलं, “बेटा, उद्यापासून मी मार्केटात भाव विचारायला जाणार नाही.”

“मग साइटवर काय टाकू?”

“ते तू बघ. लोकांनी मला भाव सांगितले, ते माझ्या नावावर. नाव काढलंस ना?”

ती रडली. मला वाईट वाटलं, पण मी उठलो नाही.

१७ फेब्रुवारी

माळ्यावरून डबे काढले. काळा सुकून दगड झाला होता, निळा थोडा ओला होता. मोठा ब्रश आणि बारीक ब्रश घेतला. साबिराने न विचारता भाकरी बांधून दिली. सकाळच्या एसटीने रनाळे.

हिलाल वावरात गेला होता. दगूबाईला म्हटलं, वहिनी, पंपाच्या बाजूची मोकळी भिंत द्याल का, एक पाटी लिहायचीय. ती म्हणाली, “त्या उनात का त्यास्लेच इचारा.” म्हणून तो येईपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. दोन तास. येणारे-जाणारे बघत होते. त्या पाचांतलाही एक गेला, रामराम न करता. तीस वर्षांत मी या ओट्यावर परक्यासारखा कधी बसलो नव्हतो.

हिलाल आला. मी काय लिहिणार ते सांगितलं. तो गोठ्याकडे वळला आणि जाता जाता म्हणाला, “शिडी मांगे शे.”

शिडीवर चढलो. गुडघा कुरकुरला, पण ब्रश हातात आल्यावर पहिली रेघ सरळ आली. वीतभर उंच अक्षरात लिहिलं, रस्त्यावरून वाचता येईल असं:

मोबाईलवर ‘मिरची बोर्ड’वर आलेल्या जाहिराती मी न बघता माझं नाव खाली लावलं. चूक माझी. त्या बघून कुणी पैसे भरू नका.

खाली उतरलो तेव्हा हिलाल मागे उभा होता. ओठ हलवत वाचत होता. चार-पाच लोकही जमले होते. एक म्हणाला, “मी म्हंजे कोन? नाव तं नही.”

खाली उजव्या हाताला मी वीतभर जागा सोडली होती. बारीक ब्रश निळ्यात बुडवून हातात धरला होता. हिलालला विचारलं, “टाकू का?”

भिंत त्याची. तीस वर्षांपूर्वीही विचारूनच टाकलं होतं.

हिलालने त्या जागेकडे पाहिलं, मग बाजूच्या पंपाखालच्या चुन्याकडे. म्हणाला, “अक्षर वळखतस लोके. नाव मी सांगसू तवय टाकजो.”

मी ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्याला पुसला. शिडी मागे नेऊन ठेवली. दगूबाईने चहा विचारला, मी नको म्हटलं, आणि चारच्या एसटीने परत आलो.